अनवाणी पावलाचा मागोवा

१९०७ साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात ‘युनिस’ नावाचा नवा बॅले रंगमंचावर आला. कथानक प्राचीन रोममधलं, म्हणून नृत्यरचनाकार मिखाईल फोकिन याला आपले कलाकार अनवाणी हवे होते. पण झारच्या खजिन्यावर चालणाऱ्या त्या थिएटरात उघडा पाय दाखवायला मनाई होती. फोकिननं मग तंग मोज्यांवरच पायाची बोटं, नखं, घोटे रंगवून घेतले. प्रेक्षकांना पाय उघडे वाटावेत आणि नियमही मोडू नये, अशी ती तजवीज.

त्या रंगवलेल्या नखांपाशी मला थांबावंसं वाटतं. आधुनिक कलेची गोष्ट आपण पिकासोच्या तुटक चेहऱ्यांपासून किंवा कँडिन्स्कीच्या रंगाकारांपासून सांगायला घेतो. नृत्यातली आधुनिकता मात्र तळपायाकडून वर आली. पाऊल जमिनीला कसं टेकावं, शरीराचं वजन लपवावं की दाखवावं, यावर युरोप-अमेरिकेत दोन पिढ्या भांडल्या. त्या भांडणात भारताचं नाव पुष्कळदा घेतलं गेलं. भारतातल्या नाचणाऱ्या बायकांचं मात्र कुणी घेतलं नाही. हा मागोवा घेताना ती बाब विसरता येत नाही.

आधी पाय जमिनीवरून सुटला कसा, ते पाहायला हवं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये नृत्याची राजअकादमी स्थापन केली. तिथे मांडीपासून पाय बाहेर वळवून उभं राहण्याच्या पाच मूळ स्थिती पक्क्या झाल्या आणि दरबारी ऐटीचं शास्त्र बनलं. पुढे १८३२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात मारी तालिओनी ‘ला सिल्फिद’मध्ये चवड्याच्या टोकावर उभी राहिली. तिच्या आधीही काहींनी ती करामत केली होती. तालिओनीनं तिला अर्थ दिला. ती वायुकन्येची भूमिका करत होती आणि वायुकन्येला वजन नसतं. तिचे जोडे साधे, मऊ साटिनचे. टोकाला आणि कडांना दोऱ्यानं दाट रफू केलेलं, तेवढाच काय तो आधार. बाकी सगळा भार घोट्यांवर आणि बोटांवर. पुढच्या अर्धशतकात इटालियन कारागिरांनी कापड, कागद आणि सरस यांचे थर देऊन जोड्याचं टोक कडक केलं. त्या जोरावर १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानी ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेऊ शकली. नृत्य हवेत गेलं आणि पाय जोड्याच्या आत सोलवटत राहिला.

तो सोलवटलेला पाय सर्वांआधी पाहिला तो एका चित्रकारानं. १८८१ मध्ये एदगार देगानं चौदा वर्षांच्या बॅले-विद्यार्थिनीचा मेणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला. त्याला खरी चोळी, खरा झगा, खरे केस आणि पायांत खऱ्या कापडी सपाता घातल्या होत्या. टीकाकारांनी त्या मुलीला कुरूप ठरवलं. पण मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या देगाच्या मृत्यूनंतर, १९१७ मध्ये, त्याच्या कार्यशाळेत सापडलेल्या छोट्या मूर्ती. त्यांत एकच विषय त्यानं पुन्हा पुन्हा घडवला आहे: एका पायावर उभी राहून, दुसरा पाय हातानं मागे धरून स्वतःचा तळवा निरखणारी नर्तकी. विवस्त्र, अनवाणी, तोल सावरताना कंबरेत वळलेली. रंगमंचावरची परी इथे नाही. दिवसभराच्या तालमीनंतर पायाला काय झालं ते बघणारी कष्टकरी बाई आहे. वायुकन्येचं वजन देगानं तिला परत दिलं. नृत्याला तिथवर यायला अजून वेळ लागणार होता.

मधल्या काळात अमेरिकेतून आलेल्या लोई फुलरनं वेगळीच वाट काढली. तिनं पाय आणि शरीर दोन्ही झाकून टाकले. वारेमाप लांबरुंद रेशीम, ते फिरवायला हातांत काठ्या आणि त्यावर विजेच्या रंगीत दिव्यांचे झोत. एका नृत्यात तर ती काचेच्या फरशीवर उभी राही आणि प्रकाश खालून येई. १८९२ मध्ये ती पॅरिसच्या फोली-बर्जेर या रंगगृहात पोचली आणि चित्रकार तुलुझ-लोत्रेक, कवी मालार्मे असे सगळे तिच्या मागे लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात तिचा एक दावा फेटाळला गेला. आपल्या नृत्याची नक्कल थांबवावी, अशी तिची मागणी होती. न्यायालयाचं म्हणणं पडलं की या नृत्यात ना कथा, ना पात्र, ना भावनेचं नाट्य; नुसत्या सुंदर हालचालींवर कुणाचा हक्क कसा मानायचा? फुलर हरली. मात्र तो निकाल आज वाचताना जाणवतं, की अमूर्त नृत्याचं इतकं नेमकं वर्णन तोवर कुठल्या कलासमीक्षकानंही केलं नव्हतं. कँडिन्स्कीची अमूर्त चित्रं यायला तेव्हा जवळपास दोन दशकं बाकी होती.

इझाडोरा डंकन काही काळ फुलरच्याच मंडळींबरोबर हिंडली. सान फ्रान्सिस्कोमध्ये १८७७ साली जन्मलेली ही मुलगी लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत ग्रीक कलशांवरच्या आकृत्या तासन्‌तास पाहत बसे. तिनं कॉर्सेट फेकला, जोडे फेकले, अंगावर सैल झगा ठेवला आणि शोपॅन, ग्लुक, बेटहोव्हन यांच्या संगीतावर नाचू लागली. हे संगीत नाचण्यासाठी नाही, असा तेव्हाच्या जाणकारांचा आक्षेप होता. हालचालीचा उगम छातीखालच्या मज्जाजालात आहे, असं ती सांगे आणि ताठ कण्याभोवती फिरणाऱ्या बॅलेला अनैसर्गिक म्हणे. १९०४ च्या डिसेंबरात ती सेंट पीटर्सबर्गला नाचली. फोकिननं तिला पाहिलं होतं. मोज्यांवरच्या रंगवलेल्या नखांची मुळं तिथे आहेत.

याच सुमारास त्याच मोकळ्या पायाचा दुसरा उगम अमेरिकेत होत होता, आणि त्याला आपलं नाव दिलं गेलं होतं. १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूथ सेंट डेनिसनं ‘राधा’ सादर केलं. मंदिराचा देखावा, पुजारी म्हणून उभे केलेले भारतीय पुरुष, संगीत मात्र ‘लाक्मे’ या फ्रेंच ऑपेरातलं. पौर्वात्य नृत्याची ओढ तिला लागली ती सिगारेटच्या जाहिरातीवरच्या इजिप्शियन देवीच्या चित्रावरून आणि कोनी आयलंडच्या जत्रेतल्या हिंदुस्तानी देखाव्यांवरून. भारत तिनं तोवर पाहिला नव्हता. तिच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. नृत्य ही उपासना आहे असं तिला मनापासून वाटत होतं आणि त्या काळच्या अमेरिकेत तसं म्हणायला धैर्य लागत होतं. पण अनवाणी पाय आणि उघडी कंबर सभ्य प्रेक्षकांपुढे आणायला तिला ‘देऊळ’ हा परवाना मिळाला, हेही तितकंच खरं.

आणि इकडे खऱ्या देवळांत काय चाललं होतं? १८९० च्या दशकापासून मद्रासमध्ये नाचविरोधी चळवळ जोरात होती. ज्यांच्या पायांत ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती त्या देवदासी सभ्य समाजातून हद्दपार होत होत्या. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला, मद्रासमध्ये १९४७ मध्ये बंदी आली. देवदासी प्रथेतलं शोषण थांबायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. परंतु प्रथेबरोबर त्या बायकांची कलाही अपराधी ठरली. ज्या तीस-चाळीस वर्षांत पाश्चात्त्य बाईचा अनवाणी पाय मुक्तीची खूण झाला, त्याच वर्षांत भारतीय नर्तकीचा अनवाणी पाय कलंकाची खूण ठरला. आधुनिक नृत्याच्या इतिहासात या दोन गोष्टी एका पानावर लिहिल्या पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

पुन्हा पॅरिस. १९१० मध्ये मातीसनं ‘नृत्य’ हे प्रचंड चित्र पूर्ण केलं. हिरव्या टेकाडावर हात धरून फेर धरणाऱ्या पाच लाल, नग्न आकृत्या. फेर धरणाऱ्यांच्या पायाखालची जमीन त्यांच्या वजनानं दबलेली वाटते, असं मला ते चित्र पाहताना जाणवतं. मॉस्कोचा व्यापारी सर्गेई श्चुकिन यानं ते आपल्या जिन्यासाठी करून घेतलं होतं.

तीन वर्षांनी शांझेलिझे थिएटर उघडलं. या एका इमारतीत आपली निम्मी गोष्ट सामावली आहे. काँक्रीटच्या सांगाड्यावर उभारलेली, बाहेरून संगमरवर लावलेली वास्तू. दर्शनी भिंतीवर अंत्वान बूर्देलनं कोरलेल्या नृत्यशिल्पात इझाडोरा आणि रशियन नर्तक निजिन्स्की आहेत. २९ मे १९१३ रोजी त्याच निजिन्स्कीनं रचलेलं, स्त्राविन्स्कीच्या संगीतावरचं ‘वसंतविधी’ इथे पहिल्यांदा झालं. प्रेक्षकांनी घातलेला गोंधळ सर्वांना ठाऊक आहे. आरडाओरड्यात वाद्यवृंद ऐकू येईना म्हणून निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून रशियन भाषेत मात्रा ओरडत होता. पण गोंधळ कशावरून झाला हे सांगताना संगीताचंच नाव पुढे येतं. पायांकडे बघा. अडीचशे वर्षं बाहेर वळवलेली पावलं त्यानं आत वळवली. बोटं एकमेकांकडे, गुडघे वाकलेले, मुठी आवळलेल्या, मान एका बाजूला कललेली. उडी मारायची ती वर जाण्यासाठी नाही, खाली सपाट तळव्यावर आदळण्यासाठी. नर्तकांच्या अंगाला ते हादरे सोसवेनात. पायांत जोडे होतेच, मऊ, वर पट्ट्या गुंडाळलेले. हे पाय अनवाणी नव्हते. तरीही मला वाटतं, अनवाणी इझाडोरापेक्षा जोडे घातलेला हा जमाव जमिनीच्या जास्त जवळ गेला. इझाडोराला जमीन हवी होती ती धावायला, वाऱ्यावर झेपावायला. निजिन्स्कीनं जमिनीला मागणं घातलं: धान्य दे, आणि बदल्यात ही मुलगी घे. विधीत बळी म्हणून नाचून नाचून मरणाऱ्या त्या मुलीची भूमिका मारिया पिल्त्सनं केली.

पॅरिस आणि लंडन मिळून अगदी मोजके प्रयोग झाले आणि मूळ रचना हरवली. प्रयोग पाहणाऱ्या चित्रकर्तीची रेखाटनं, निजिन्स्कीची मदतनीस मारी रांबेर हिच्या नोंदी असं काय काय जुळवून मिलिसेंट हॉडसननं ती १९८७ मध्ये पुन्हा उभी केली. त्या नृत्याची वेशभूषा आणि नेपथ्य करणारा निकोलाय रोरिख पुढे भारतात आला, १९२८ पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहिला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला. 

जर्मनीत ही वाट आणखी खाली उतरली. नर्तकी मेरी विग्मन हिच्या ‘चेटकीनृत्या’चा १९२६ चा अवतार काही मिनिटांच्या चित्रफितीत शिल्लक आहे. कुणीही शोधून पाहावा. विग्मन उभी राहतच नाही. बैठकीवरच, गुडघे फाकलेले, चेहऱ्यावर मुखवटा, पायाच्या नडग्या हातांनी पकडलेल्या. मग तळवे आळीपाळीनं जमिनीवर आपटत ती बसल्या बसल्या गोल सरकते. संगीत म्हणजे गाँग, झांज, ढोल आणि मधली शांतता. चित्रकार किर्शनरनं तिची आणि तिच्या शिष्यांची चित्रं काढली. कँडिन्स्कीनं तिची विद्यार्थिनी पालुक्का हिच्या छायाचित्रांवरून मोजक्या रेषांची रेखाटनं केली. नृत्य आणि चित्र यांचं इतकं थेट देणंघेणं क्वचितच झालं असेल. वजन दाखवायचं ते कितपत, याची हद्द मला त्या चित्रफितीत दिसते. विग्मनचं पुढचं वागणं मात्र निर्मळ नव्हतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनसोहळ्यात तिनं नाझी राजवटीसाठी नृत्य रचलं. भूमीशी नातं सांगणारी कला भूमीचं राजकारण करणाऱ्यांच्या हाती किती सहज जाते, हे तिथे दिसलं.

विग्मनच्या ड्रेस्डेनमधल्या शाळेत १९३० मध्ये रामपूरच्या घराण्यातली एक मुलगी दाखल झाली होती. नृत्याचं शिक्षण काहीही नव्हतं. तीन वर्षं तिथे शिकून ती परतली आणि उदय शंकरच्या संचात सामील झाली. हीच पुढची झोहरा सेहगल. विग्मनचा तळवा भारतात आला तो तिच्या पायांतून. १९४५ पासून चौदा वर्षं ती मुंबईत पृथ्वी थिएटर्समध्ये होती.

उदय शंकरचा प्रवासही मुंबईतून गेलेला आहे. १९१८ मध्ये तो चित्रकला शिकायला जे. जे. स्कूलमध्ये आला होता, तिथून लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. नर्तक व्हायचं असं काही ठरलेलं नव्हतं. १९२३ मध्ये अ‍ॅना पावलोवानं त्याला भारतीय विषयांवरच्या नृत्यांसाठी बोलावलं. चवड्याच्या टोकावर नाचणारी ती जगद्विख्यात राजहंसिनी राधा आणि हा तिचा कृष्ण. पावलोवाचा संच सोडल्यावर पॅरिसमध्ये हलाखीची वर्षं गेली. स्विस शिल्पकर्ती आलिस बोनर हिच्या मदतीनं भारतात येऊन त्यानं संच उभारला आणि मार्च १९३१ मध्ये त्याच शांझेलिझे थिएटरात पहिला प्रयोग केला. निजिन्स्कीच्या गोंधळानंतर अठरा वर्षांनी त्या फळ्यांवर घुंगरू बांधलेले अनवाणी पाय उभे राहिले, आणि पॅरिसनं टाळ्या वाजवल्या. पॅरिसला ते प्राचीन भारत वाटलं. तसं ते नव्हतं. चित्रकाराच्या नजरेनं, मूर्ती आणि भित्तिचित्रं पाहून, लंडन-पॅरिसच्या रंगभूमीचा वेळ आणि उजेड ओळखून केलेली ती नवी रचना होती. उदय शंकरला आधुनिक म्हणायला शास्त्रीय नृत्याचे कैवारी अजून कचरतात. मला त्यात कचरण्यासारखं काही दिसत नाही.

अल्मोड्याला त्यानं १९३८ नंतर जे केंद्र काढलं, तिथलं शिक्षण साध्या चालण्यापासून सुरू होई. पाऊल कसं पडतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं, बाजारातला हमाल कसा चालतो आणि म्हातारी कशी, हे आधी बघायचं. तिथे शिकलेल्यांत गुरुदत्त होता. ‘श्रम आणि यंत्र’ या रचनेत कामगारांच्या हालचाली रंगमंचावर आल्या. पैसा आटला, युद्ध आलं, केंद्र बंद पडलं आणि त्यातली माणसं मुंबईला आली. अंधेरीत इप्टाच्या पथकासाठी शांती बर्धननं बॅले बसवले. १९५२ मध्ये तिथेच लिट्ल बॅले ट्रूप उभा राहिला. क्षयानं खंगलेल्या बर्धननं ‘रामायण’ असं रचलं, की नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हलतात. पाऊल पडतं, पण ते दोरीनं उचललेलं वाटतं. दोन वर्षांत तो गेला. बायको गुल बर्धननं तो संच पुढे ग्वाल्हेर आणि भोपाळला नेऊन जगवला. मुंबईतच हाफकिन इन्स्टिट्यूटच्या संचालकांची पत्नी लीला सोखी, म्हणजे मेनका, हिनं कथकाच्या आधारे नृत्यनाट्यं रचली, १९३६ ते ३८ युरोप गाजवला आणि मग खंडाळ्याला शाळा काढली. दमयंती जोशी तिची शिष्या. मराठीत मेनकेवर भरभक्कम चरित्र असायला हवं.

अमेरिकेत रूथ सेंट डेनिसच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मार्था ग्रॅहॅमनं गुरूची मंदिरं आणि साड्या टाकून दिल्या, जमीन ठेवली. १९३० च्या ‘विलाप’मध्ये ती जांभळ्या ताणकापडाच्या नळीत शिरून बाकावर बसते आणि आतून ते कापड ताणत राहते. पोटाचं आकुंचन आणि सुटका यांवर तिनं सगळी पद्धत उभारली. तिचा वर्ग सुरू होतो तो जमिनीवर बसून. शिकागोत कँडिन्स्कीचं एक चित्र पाहिलं आणि असंच नाचायचं ठरवलं, असं ती सांगे.

१९६२ मध्ये या गोष्टीचं एक वर्तुळ जुळलं. रूथचा नवरा टेड शॉन यानं मॅसॅच्युसेट्समध्ये उभारलेल्या जेकब्ज पिलो या नृत्यकेंद्रात तंजावुर बालसरस्वती नाचली. वीणा धनम्मळची नात, देवदासींच्या घराण्यातली. भरतनाट्यमचा पहिला धडा म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर काढून, सपाट तळव्यानं जमिनीवर ठोका देणं. या ठोक्यासाठी युरोपला जोडे काढावे लागले, दंगल सोसावी लागली. बालसरस्वतीच्या घरात तो अंगणात शिकवला जाई. खरी नर्तकी अमेरिकेपुढे उभी राहिली तेव्हा ‘राधा’ला ५६ वर्षं झाली होती.

तिच्यानंतरची मला जवळची वाटणारी कलावती चंद्रलेखा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वाड्याला १९२८ मध्ये जन्मली, मद्रासला भरतनाट्यम शिकली, नाव झाल्यावर बरीच वर्षं नृत्यापासून दूर राहिली. १९८४ मध्ये मुंबईत एनसीपीएला पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरला, तिथून ती परतली. पुढच्या वर्षीच्या ‘अंगिका’त तिनं देव, दागिने, अभिनयातली नायिका बाजूला केली आणि कळरिपयट्टू ही युद्धकला, योग आणि भरतनाट्यमचे अडवू यांच्यातली एकच जमीन शोधली. परंपरेकडे परत जाणं आणि परंपरा मोडणं तिच्या बाबतीत एकाच पावलानं झालं.

‘वसंतविधी’ पुन्हा पुन्हा रचला गेला. त्यांतला सर्वांत खोल मला पीना बाउशचा वाटतो. १९७५ मध्ये वुपर्टालला तिनं रंगमंचभर ओलसर काळी माती पसरली. नर्तक अनवाणी, बायका पातळ झग्यांत. नाचता नाचता माती घामाला चिकटते, झगे मळतात, पाय रुततात, श्वास ऐकू येतो. दमल्याचा अभिनय करावा लागत नाही. सेनेगलच्या एकोल दे साब्ल या संस्थेनं आफ्रिकेतल्या १४ देशांचे नर्तक जमवून २०२० मध्ये हीच रचना बसवली. मार्चमध्ये महामारीनं प्रयोग रद्द झाले, तेव्हा मंडळींनी जवळच्या किनाऱ्यावर वाळूतच शेवटची तालीम केली आणि तिचं चित्रीकरण झालं. पुढच्या वर्षी ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले. त्याच कार्यक्रमात संस्थेची संस्थापिका जर्मेन अकोन्यी आणि पीनाची जुनी सहकारी मालू ऐरोदो, दोघी सत्तरी ओलांडलेल्या, आपण मिळून रचलेलं एक नृत्य घेऊन उभ्या राहिल्या.